ग ची बाधा

बसलिंगप्पा अण्णांवर लिहा, असं मला आजवर पुष्कळांनी सांगितलं. कुणाला दिवाळी अंकासाठी हवं होतं, कुणाला कॉलेजच्या स्मरणिकेसाठी. मी दर वेळी काहीतरी सबब पुढे केली. कधी डोळ्यांचं ऑपरेशन, कधी नातवाची मुंज. अण्णांच्या गमती तोंडी मात्र मी भरपूर सांगितल्या. लग्नाच्या पंगतीत, गाडीची वाट बघताना, निरोप समारंभात. लोक हसायचे आणि मी नेमका एका ठिकाणी येऊन थांबायचो. त्या ठिकाणाच्या पुढे मी स्वतः उभा आहे, आणि तिथे मी काही दिसायला बरा नाही. आता ऐंशी ओलांडली. मी कसा दिसतो याची फिकीर करावी असं फारसं कोणी उरलेलं नाही. तेव्हा या वेळी मधेच थांबणार नाही.

अण्णांचं सोलापुरात मंगळवार पेठेत टॉवेलांचं दुकान होतं. दुकानाला नाव होतं, पण ते कुणाच्या लक्षात राहत नसे. कारण नावाच्या खाली, नावापेक्षा मोठ्या अक्षरांत, अण्णांनी एकच शब्द रंगवून घेतला होता: ‘पुसा’.

खेड्यापाड्यांतून बाजाराला आलेली माणसं ती पाटी वाचायची आणि उंबऱ्यावर उभी राहून इमानेइतबारे पाय पुसायची. तिथे पायपुसणं नव्हतंच. तरी फरशीला तळवे घासून घासून आत यायची. अण्णा गादीवरून ओरडायचे, “अहो, पाय न्हवं! पुसा म्हणजे इचारा! पुसा की काय पुसायचं ते!”

आमच्याकडे विचारण्याला पुसणं म्हणतात. पत्ता पुसतात, भाव पुसतात, पाहुण्याची खुशाली पुसतात. अंगही पुसतात. टॉवेल विकणाऱ्या आणि सतत प्रश्न पडणाऱ्या माणसाला एकाच शब्दात दोन्ही मिळालं होतं, आणि अण्णांनी तो शब्द तोंडातून कधी खाली ठेवला नाही. “पुसा की!” हे त्यांचं रामराम होतं, ‘पुढे व्हा’ होतं आणि कधीकधी रागावणंही होतं.

पण गिऱ्हाइकाला पुसू द्यायचे कुठे? आधी तेच पुसायचे. कोणीही आत आलं की टॉवेल उलगडून त्याच्यासमोर दोन्ही हातांनी धरायचे, लग्नात अंतरपाट धरतात तसा, आणि वरून फक्त डोळे दाखवत म्हणायचे, “काय म्हणता ह्याला?”

“टावेल की.”

“बरं. घरात म्हातारी काय म्हणती?”

माणूस टॉवेल घ्यायला आलेला असायचा. त्याला म्हातारीपर्यंत जायचं नसायचं. पण उत्तर दिल्याशिवाय अण्णा भाव सांगत नसत. दक्षिणेकडची एखादी आजी ‘टुवाल’ म्हणाली की अण्णांचा चेहरा उजळायचा आणि तिला घसघशीत सूट मिळायची. त्यामुळे पेठेत कुणकुण पसरली होती की, अण्णाकडे जाताना टुवाल म्हणा, स्वस्त पडतंय.

एकदा मी बसलेलो असताना नातेपुत्याकडची एक बाई आली. अण्णांनी अंतरपाट धरला. “काय म्हणता ह्याला?”

“त्येला काय म्हनायचं आनि?” बाई वैतागली. “आंग पुसायचं हाय ते! द्या की लवकर, यष्टी जाईल माजी.”

अण्णा तिच्याकडे बघतच राहिले. मग टॉवेल घडी करून तिच्या हातात दिला आणि पैसे घ्यायचेच विसरले. बाई मात्र आठवणीनं द्यायचं विसरली. मी खूप हसलो. मला वाटलं, एवढ्या खटाटोपानंतर शब्दाचा सरळ अर्थ समोर आला, त्याचा त्यांना हर्ष झाला असावा.

आमची गाठ पडली ती बहात्तरचा दुष्काळ ओसरल्यानंतरच्या वर्षांत. मी कॉलेजात इंग्रजी शिकवायचो. एका दुपारी स्टाफरूमच्या दारात पांढरंशुभ्र धोतर, काळी टोपी आणि कपाळावर विभूतीचे तीन पट्टे उभे राहिले.

“इंग्लिशचे सर कोण?”

मी मान वर केली. त्यांनी काखेतला टॉवेल माझ्या पुढ्यातल्या उत्तरपत्रिकांवर पसरला. “हा शब्द कुठला, सर?”

“इंग्रजी.”

“ते मला पण म्हाईत आहे की. इंग्रजांनी कुठनं आणला?”

पदवी मिळाल्यापासून मला असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. आमच्या ग्रंथालयात एक जाडजूड इंग्रजी कोश होता. तो बहुधा पंख्याच्या वाऱ्यानं कागद उडू नयेत म्हणून घेतलेला असावा. आम्ही तो उघडला. त्या दिवसापासून आठवड्यातून एक-दोन दुपारी अण्णा दुकान बंद करून यायचे आणि आम्ही टॉवेलचा माग काढायचो.

माग सापडत गेला तसतसा मलाही नाद लागला. मूळ शब्द फार जुन्या जर्मन बोलीतला, आणि त्याचा अर्थ धुणं. त्या लोकांकडून तो फ्रेंचांनी घेतला, फ्रेंचांकडून इंग्रजांनी. मग तो जिथे गेला तिथे वेगळ्या कामाला लागला. इंग्लंडात त्यानं अंग पुसलं. स्पेनमध्येही तेच. इटलीत तो जेवणाच्या टेबलावर जाऊन पसरला. तिथे त्याचा अर्थ टेबलावर घालायचं कापड. पोर्तुगालमध्ये दोन्ही. आणि हॉलंडमध्ये, याच घराण्यातल्या शब्दाचा अर्थ होता फरशी पुसायचं फडकं.

हॉलंडचं ऐकून अण्णा दोन दिवस अस्वस्थ होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी निकाल लावला.

“हे वाटणीचं प्रकरण आहे, सर. घर एक होतं. बाप गेला, भाऊ वेगळे झाले. थोरल्यानं न्हाणीघर घेतलं. मधला खाण्याचा शौकीन, त्यानं टेबल घेतलं. धाकटा गरीब, त्याला कोण इचारतंय? त्याच्या वाट्याला फरशी.”

“भाषाशास्त्र असं म्हणत नाही, अण्णा.”

“भाषाशास्त्राला भाऊ किती?”

त्यांनी दुकानातली फळीसुद्धा तशीच लावली. वर इंग्लंड, मध्ये इटली, तळाला हॉलंड. टॉवेल सगळे सोलापूरचेच. फक्त जाड, मध्यम आणि पातळ. दुधनीकडून येणारा एक हॉटेलवाला पुढे पुढे “दोन डझन हॉलंड बांधा” असंच म्हणायचा, आणि शेजारच्या दुकानदाराला वाटायचं की अण्णांनी बाहेरच्या देशाचा माल आणला.

या ज्ञानाचा एकदा फार मोठा स्फोट झाला. अण्णांच्या नात्यातलं लग्न होतं. आपल्याकडे मानाच्या पाहुण्याला टॉवेल-टोपी देतात. नवऱ्या मुलाच्या मामानं भर मांडवात अण्णांच्या डोक्यावर टोपी ठेवली, खांद्यावर टॉवेल टाकला आणि वाकून नमस्कार केला. अण्णांनी टॉवेल हातात घेतला, बोटांत चोळला, आणि बँडवाले दम खायला थांबलेत ही संधी साधून मोठ्यानं म्हणाले, “मामा, एक सांगू का? हा जो तुम्ही माझ्या खांद्यावर टाकला, ह्यानं हॉलंडमध्ये फरशी पुसतात.”

त्यांना वाटलं, लोकांना मौज वाटेल. मामांना वाटलं, आपण दिलेला टॉवेल फडकं आहे असं हा माणूस चारचौघांत म्हणतोय. पुढे जे झालं त्यात दोन टोप्या हरवल्या. अण्णा शेवटपर्यंत ओरडत होते, “अहो, इटलीत ह्यावर जेवतात! पूर्ण ऐकून तर घ्या की!”

या सगळ्या शोधात अण्णांची एकच गोष्ट मला कळत नसे. त्यांना अर्थापेक्षा आवाजात जास्त रस होता. मी कोशातलं स्पेलिंग वाचून दाखवायचो आणि ते डोळे मिटून ऐकायचे.

“इटलीचा पुन्हा म्हणा.”

“टोव्हॅग्लिया.”

“ह्यात कुठं ‘वाल’ ऐकू येतंय का हो?”

“नाही. ‘व्हॅग्लि’ आहे. मध्ये ग आहे, बघा. जी.” मी बोट ठेवून दाखवायचो.

“ग आहेच का?”

“छापलाय ना.”

“ग नसता तर बरं झालं असतं,” असं म्हणून अण्णा उसासा टाकायचे. मग पोर्तुगालकडे वळायचे. “हे गोव्याला होते. तिथनं शब्द कारवारच्या बाजूला उतरला असंल का?” मी म्हणायचो, असेल. त्यात मला काही विशेष वाटत नसे.

मला इटालियन येत नव्हतं हे सांगायलाच हवं. पोर्तुगीजही येत नव्हतं. मी इंग्रजीचा माणूस. युरोपातली सगळी अक्षरं मी इंग्रजीसारखीच वाचत होतो, आणि इतक्या ठासून वाचत होतो की अण्णांनीच काय, मीसुद्धा माझ्यावर विश्वास ठेवला होता.

अण्णांना एकच साथीदार भेटला. नरसय्या म्हणून एक तेलुगू विणकर घराण्यातला माणूस होता. त्यानं अक्कलकोट रोडला एमआयडीसीत टॉवेलचे पॉवरलूम घातले होते. अण्णांचा माल त्याच्याकडून यायचा. अण्णांनी त्यालाही एकदा पुसलं, घरात काय म्हणता. तो म्हणाला, “आमच्यात तुव्वाल म्हणतात की, अण्णा. आमची आई तर टावेल म्हटलं तर ओळखणार पण नाय.” अण्णांनी त्याला भर कारखान्यात मिठी मारली. नरसय्या घाबरला, त्याला वाटलं, जुनी उधारी बुडवायचा बेत दिसतोय.

दरम्यान माझी प्रगती झाली. मी अण्णांच्या या शोधावर कॉलेजात एक व्याख्यान दिलं. ‘एका टॉवेलची युरोप यात्रा’. वाटणीची गोष्ट मी माझीच म्हणून सांगितली, लग्नातल्या मामांचा किस्सा सांगितला, हॉल हसून हसून पडला. शेवटी सगळ्या देशांचे उच्चार एका दमात म्हणून दाखवले, त्यात टोव्हॅग्लिया विशेष झोकात. प्राचार्यांनी पाठ थोपटली आणि तेव्हापासून ते माझी ओळख ‘आमचे भाषातज्ज्ञ’ अशी करून देऊ लागले. अण्णा मागच्या रांगेत होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या. घरी आलो तर माझ्या बोलण्याचा एकूण नूर बघून बायको म्हणाली, “तुम्हाला ग ची बाधा झालीय.” गर्वाला असं म्हणायची रीत आहे. मी तो टोमणा समजून सोडून दिला. तो इतका शब्दशः खरा ठरेल असं तिलाही वाटलं नसणार.

आणि मग सोलापुरात इटलीचा माणूस आला.

तो मशिनरी विकणारा होता. नरसय्याचा कारखाना बघायला यायचा होता. त्याचं इंग्रजी तुटकं, नरसय्याचं त्याहून तुटकं, म्हणून मध्ये बोलायला मला बोलावलं. समारंभाला वजन यावं म्हणून प्राचार्यांना बोलावलं. ही बातमी अण्णांना लागली आणि ते सकाळी सकाळी माझ्या घरी हजर.

“सर, मला नुसतं एक पुसायचंय. त्याच्या तोंडातनं एकदा ऐकायचंय. कागदावर शब्द निजलेला असतो हो. तोंडात आला की उठून बसतो.”

“काय पुसू?”

“टेबलावरच्या कापडाला काय म्हणता, एवढंच. बाकी काय नको.”

कारखान्यात पोचल्यावर नरसय्या म्हणाला, “शेवटी पुसा, अण्णा. आधी धंदा होऊ द्या.” अण्णा कबूल झाले. नवं धोतर नेसून, मांडीवर घडी केलेला टॉवेल घेऊन, ते कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले. शाळेत तोंडी परीक्षेला बसतात तसे.

साहेब लालबुंद आणि प्रेमळ होता. शेंगाची चटणी खाऊन अधिकच लालबुंद झाला. टेबलावर नरसय्यानं मागावरून उतरलेली कोरी चादर अंथरली होती. बोलताना साहेबाचे दोन्ही हात हवेत फिरायचे. मागाचा वेग सांगता सांगता एक हात चहाच्या कपाला लागला आणि अख्खा चहा चादरीवर पसरला.

साहेब उडालाच. चादरीचं टोक धरून, कळवळून म्हणाला, “ओ! ला तोवाल्या! ला तोवाल्या!”

कोपऱ्यातली खुर्ची धाडकन मागे पडली. अण्णा उभे होते.

“सर! काय म्हणाले ते? पुसा! पुसा की, सर!”

दोन कामगार फडकी घेऊन धावले आणि चादर पुसायला लागले.

“तुमी न्हवं हो! सरांनी पुसा! सर, पुसा की!”

प्राचार्य ताठ झाले. “अहो, काय बोलता? प्राध्यापकांना काय पुसायला सांगता? माणसं आहेत ना!”

“न्हाई हो, ते पुसणं न्हाई, हे पुसणं…” अण्णांनी एका हातानं पुसल्याची खूण केली आणि दुसऱ्या हातानं साहेबाकडे बोट दाखवलं. साहेबाला वाटलं, आपणच पुसायचं आहे. तो बिचारा रुमाल काढून चादर टिपू लागला. नरसय्या त्याचा हात धरू लागला. ही गोष्ट मी जेव्हा जेव्हा सांगितली तेव्हा इथे थांबलो. इथे लोक पोट धरून हसतात आणि इथे थांबलं की गोष्ट पूर्ण झाल्यासारखी वाटते.

ती इथे पूर्ण झाली नव्हती. प्राचार्यांनी मला विचारलं, “काय म्हणाले हो ते?”

मी स्पष्ट ऐकलं होतं. तोवाल्या. त्यात व्हॅग्लि नव्हतं. ग नावाला नव्हता. छापलेला ग तिथे नुसता बसून असतो, बोलत नाही, हे मला त्या क्षणी कळलं. आणि त्याच क्षणी हेही कळलं की, भरल्या हॉलमध्ये मी तो चुकीचा म्हटला होता, झोकात म्हटला होता, आणि टाळ्या वाजवणारे प्राचार्य समोर बसले होते.

“टेबलावरचं कापड,” मी म्हणालो. “टोव्हॅग्लिया. मी व्याख्यानात सांगितला होता तोच.”

“वा!” प्राचार्य म्हणाले.

अण्णा पुढे आले. त्यांचा आवाज एकदम खाली आला होता. “सर, मला तोवाल… तुवाल… असं काय तरी ऐकू आलं. ग आला न्हाई मध्ये.”

“ग आहे, अण्णा. ते लोक हलका म्हणतात. आपल्या कानाला कळत नाही.”

“परत एकदा पुसा की.”

“आता बरं दिसत नाही. त्यांना डागाची लाज वाटलीय, त्यात आपण पुन्हा कापड कापड करायचं?”

साहेब आमच्याकडे बघून हसत होता. मी विचारलं असतं तर त्यानं पाच वेळा म्हणून दाखवलं असतं. अण्णांनी पडलेली खुर्ची उचलून सरळ केली आणि तीवर बसले. टॉवेलची घडी मोडली नव्हती; तरी त्यांनी ती उलगडून परत घातली.

मला तेव्हा फार काही वाटलं नाही, हे खरं सांगतो. एका अक्षराची गोष्ट. कुणाचं काय गेलं?

काही आठवड्यांनी मंगळवार पेठेतून जात होतो. दुकानावरचं ‘पुसा’ रंगानं बुजवलेलं होतं. आत एक गिऱ्हाईक होतं. “टावेल द्या,” ते म्हणालं. अण्णांनी टॉवेल दिला. अंतरपाट नाही, म्हातारी नाही.

ते गेल्यावर मी आत गेलो. “अण्णा, पाटीचं काय झालं?”

“बुजवली. लोक पायच पुसायचे, सर.” त्यांनी मला गादीवर जागा करून दिली. जरा वेळ टॉवेलाच्या दशा सारख्या करत बसले. मग म्हणाले, “आमची मंडळी कारवारची. तुम्ही बघितलं न्हाई तिला, लई आधीच गेली. लग्न होऊन आली तवा लहान होती. पहिल्याच दिवशी न्हाणीतनं हाक मारली, ‘तुवालो द्या!’ कोकणी बोलायची की ती. आमच्या घरात सगळे टावेल म्हणणारे. थोरला भाऊ मिलमध्ये साहेबाच्या हाताखाली, लेबलावर जे छापलंय तेच खरं. सगळे हसले. जावांनी तिचं नावच तुवालो पाडलं. ‘ए तुवालो, इकडं ये.’”

बाहेरून एक सायकल घंटी वाजवत गेली.

“पण पहिला मी हसलो, सर. बाकीचे माझं बघून हसले. त्यानंतर तिनं तो शब्द कधी काढला न्हाई. टावेल पण म्हणाली न्हाई. ‘ते अंग पुसायचं द्या,’ एवढंच म्हणायची. शेवटपर्यंत. आता कारवारचं आमच्यात कोण मानतंय? वाटलं, जिकडनं शब्द आला तिकडच्या माणसाच्या तोंडात तिचाच शब्द निघाला, तर…”

“तर?”

“तर काय न्हाई. तिला जाऊन सांगता थोडंच येतंय? पण आपण कशाला हसलो, ते तरी समजलं असतं.”

मी बोलायला तोंड उघडलं. पण ते पुढे बोलत होते.

“त्या दिवशी मला वाटलं, निघाला! कानाला असा गोड लागला बघा. एकदम न्हाणीतनंच हाक आल्यासारखा. पण माणसाला जे ऐकायचंय तेच ऐकू येतंय. तुम्ही होता म्हणून बरं झालं, सर. न्हाई तर मी आयुष्यभर खोटंच धरून बसलो असतो.”

“अण्णा,” मी म्हणालो.

“हौदु, हो, बोला की.”

तेवढ्यात लग्नाच्या टॉवेल-टोप्या घ्यायला एक मोठं कुटुंब दुकानात शिरलं, आणि अण्णा त्यांना फळीवरचे गठ्ठे काढून दाखवू लागले. मी थांबू शकलो असतो. वेळ होता. मी एक टॉवेल मागितला. टॉवेलच म्हणालो. घेऊन घरी आलो.

मग परीक्षा आल्या. मग उन्हाळा आला. दुकानावरून जाणं मी टाळू लागलो. पलीकडच्या गल्लीतून गेलं तरी कॉलेज येतंच. पुढे कळलं की, अण्णांनी दुकान पुतण्याच्या ताब्यात दिलं आणि ते दुधनीला मुलीकडे राहायला गेले. दुधनी काही लांब नाही. सकाळी जाऊन जेवायला परत येता येतं. मी दर दिवाळीच्या सुट्टीत जायचं ठरवायचो.

गेलो तेव्हा अण्णा जाऊन महिना झाला होता.

मुलगी शिवकांता हिनं मला ओळखलं. वडलांना ती अप्पा म्हणायची. “इंग्लिशचे सर ना? अप्पा लई सांगायचे तुमचं.” हातपाय धुवायला पाणी दिलं. मी तोंडावर पाणी मारून उभा राहिलो. तिनं दोरीवरचा टॉवेल काढून पुढे केला आणि हसली. “अप्पा पहिल्यासारखे असते तर आधी पुसलं असतं, काय म्हणता ह्याला म्हणून. शेवटी शेवटी काहीच पुसायचे न्हाईत. अंघोळ झाली की न्हाणीतनं नुसता हात बाहेर काढायचे. म्हणायचे, ‘ते अंग पुसायचं दे.’”

मी तोंड पुसलं. बराच वेळ पुसत राहिलो. तिला तरी सांगता आलं असतं. ती त्याच बाईची मुलगी होती. मी टॉवेलची घडी घालून तिच्या हातात दिली आणि बसची वेळ झाली असं म्हणालो.

परतीच्या बसमध्ये वाक्य जुळवलं. त्यानंतर ते पुष्कळदा जुळवलं. लांब केलं, सबबी घातल्या, सबबी काढल्या. आता ते अगदी लहान उरलंय. मंगळवार पेठेत, त्या गादीवर बसून, गिऱ्हाईक आत येण्याच्या आधी सहज म्हणून झालं असतं इतकं लहान.

अण्णा, तुमचे कान बरोबर होते. साहेब तोवाल्याच म्हणाला. त्यात ग नव्हता. ग माझा होता.